उजवी बाजू

"एक विचारायचं राहिलं," डॉ. निंबकर म्हणाले. "तुम्हा दोघांत शरीरसंबंध आहेत का?"

टेबलासमोरच्या दोन खुर्च्यांत सर आणि त्यांची मुलगी त्रिशला बसली होती. मी मागे, तपासणीच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर. डॉक्टरांनी प्रश्न सरांना विचारला, पण विचारताना एकदा माझ्याकडेही पाहिलं.

"छे," सर म्हणाले. "ते सगळं कधीच संपलं. चौसष्ट वय आहे माझं."

एवढं बोलून ते हसले, आणि त्रिशलाही हसली. एक अवघड क्षण टळल्यावर माणसं हसतात, तशी. मी मांडीवरच्या फाईलची दोरी बोटाला गुंडाळत राहिले.

"मग तर प्रश्नच मिटला," त्रिशला म्हणाली. "डॉक्टर, प्रोस्टेटच्या दोन्ही बाजूच्या नसा काढल्या तर कॅन्सर मागे राहायची भीती कमी होते ना? मग काढून टाका. बाबांना त्यांचा काय उपयोग आहे आता?"

सर भिंतीवरच्या चित्राकडे बघत राहिले. मूत्राशयाचं चित्र होतं ते, गुलाबी आणि पिवळ्या रंगातलं.

सर म्हणजे माझे यजमान, सुकुमार मगदूम. जयसिंगपूरजवळच्या एका तंत्रनिकेतनात ते सर्वेक्षण शिकवायचे आणि मी तिथल्या ऑफिसात होते. वीस वर्षं त्यांना सर म्हणत आले, लग्नानंतरही तोंडातून दुसरं काही निघेना. त्यांची पहिली बायको वारली त्याला आमच्या लग्नाच्या वेळी नऊ वर्षं झाली होती. माझं पहिलं लग्न पंचविशीच्या आतच मोडलेलं. त्या माणसाबद्दल सांगण्यासारखं काही नाही. त्यानंतर मी एकटीच राहिले आणि एकटं राहणं मला चांगलं जमतं अशी माझी समजूत होती. आमचं लग्न झालं तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते. गावात लोक म्हणाले, बरं झालं, म्हातारपणी एकमेकांना औषधपाणी विचारायला कुणीतरी हवंच. आम्हीही तसंच म्हणायचो. खरं काय होतं ते आम्हा दोघांनाच माहीत होतं. नवरा आपल्या बायकोला हात लावण्याआधी थांबतो, तिच्या तोंडाकडे बघतो, हे मला त्या वयात पहिल्यांदा कळलं. मला वाटायचं, हे आपल्याला मिळायचं राहूनच गेलं होतं आणि कुणाच्या तरी नजरचुकीने मिळालं. ते संपलेलं नव्हतं. ऑपरेशनसाठी पुण्याला निघायच्या आदल्या आठवड्यापर्यंत तरी नव्हतं.

निंबकर हे दुसरे डॉक्टर. आधी आम्ही डॉ. गद्र्यांना भेटून आलो होतो. दोघंही रोबोटनेच ऑपरेशन करणारे. म्हणजे डॉक्टर बाजूला बसून यंत्राचे बारीक हात चालवतात. पण दोघांची रीत वेगळी. गद्रे वयस्कर. ते मूत्राशयाच्या पुढच्या बाजूने आत शिरायचे, ही जुनी, सरावाची वाट. गाठ डावीकडे आहे, पण आपण दोन्हीकडून रुंद काढू, नसांसकट, म्हणजे पुढे डोक्याला ताप नको, असं त्यांचं म्हणणं. निंबकर तरुण होते, ते मूत्राशयाच्या मागून, खालून जायचे. पुढचे आधार तसेच राहतात, त्यामुळे लघवीवरचा ताबा लवकर येतो, असं त्यांनी सांगितलं. आणि नसांचं म्हणाल तर प्रोस्टेटच्या दोन्ही अंगांना त्यांचं जाळं चिकटलेलं असतं. डावीकडे गाठ कडेपर्यंत आली आहे, ती बाजू गेलीच. उजवी सोलून वाचवता येईल.

त्रिशला पुण्यातच एका औषध कंपनीत होती आणि सगळं वाचून आली होती. "मागून गेलं तर कडेला कॅन्सर राहायचं प्रमाण जास्त दिसलंय, काही अभ्यासांत."

"गाठ पुढच्या बाजूला असेल तेव्हा मुख्यतः," निंबकर म्हणाले. "बाबांची मागे आहे. आणि खरं सांगू का, वाटेपेक्षा हात कुणाचा आहे यावर जास्त ठरतं. गद्रे सरांकडे गेलात तरी चुकणार नाही तुम्ही. फक्त काय राखायचं आहे ते आधी ठरवा."

"बाबा राखायचेत," त्रिशला म्हणाली.

तिचं चुकत नव्हतं. तिच्या आईने छातीतली गाठ सात-आठ महिने कुणाला सांगितली नव्हती. त्रिशलाची परीक्षा होऊन जाऊ दे म्हणून. कळलं तोवर उशीर झाला होता. त्या परीक्षेत त्रिशला पहिली आली, हे मला सरांनी एकदाच सांगितलं, आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही.

आम्ही तिच्याच फ्लॅटवर उतरलो होतो. जावई कामासाठी बाहेरगावी होता. दुसऱ्या दिवशी त्रिशला कामावर गेली, सर पेपर घेऊन गॅलरीत बसले, तेव्हा मी साडी बदलली.

"कुठं निघालीस?"

"जरा जाऊन येते."

मी रिक्षा केली. दवाखान्यात नंबर लावला तेव्हा पेशंटचं नाव विचारलं, मी सरांचं नाव दिलं. आत गेले तर निंबकर माझ्या मागे बघायला लागले, सर येत असतील म्हणून.

"मी एकटीच आलेय," मी म्हटलं. "काल तुम्ही एक विचारलं होतंत. त्याचं उत्तर बरोबर नव्हतं."

त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आमचं आहे," मी म्हणाले.

माझे कान तापले होते. आयुष्यात हे वाक्य कुणापुढे उच्चारेन असं वाटलं नव्हतं. निंबकरांनी चष्मा काढून पुसला.

"बरं केलंत सांगितलंत. पण मला हे त्यांच्या तोंडून पाहिजे, मॅडम. शरीर त्यांचं आहे. आणि हेही सांगतो, एका बाजूची नस राखली म्हणजे सगळं पूर्वीसारखं होईलच असं नाही. वय आहे. पण दोन्ही गेल्या तर जवळजवळ नाहीच."

परत आले तर सर दारातच उभे होते. मी त्यांना खाली घेऊन गेले, सोसायटीच्या बागेत. तिथे एक आजोबा नातीला झोका देत होते, त्यांच्यापासून लांबच्या बाकावर आम्ही बसलो.

"मी निंबकरांकडे जाऊन आले."

"कशाला?"

"तुम्ही खोटं बोललात म्हणून."

सरांनी चेहरा दोन्ही हातांनी चोळला. "पोरीच्या समोर काय सांगायला पाहिजे होतं मी? तिच्या आईचा फोटो आहे घरात."

"पोरीला नका सांगू. डॉक्टरला सांगा."

"पद्मजा, जीव वाचतोय तो बघ. त्यात हे असलं मागायचं म्हणजे..."

"असलं म्हणजे कसलं?"

ते झोक्याकडे बघत म्हणाले, "तुला पाहिजे आहे का?"

"होय," मी म्हटलं. "तुम्हाला?"

त्यांनी नुसती होकारार्थी मान हलवली.

त्या दिवशी संध्याकाळी ते एकटे डॉक्टरांना भेटून आले. जेवताना त्यांनी त्रिशलाला सांगितलं, "निंबकरांकडून करायचं. मागून जातील. डावी बाजू काढतील, उजवी ठेवायची. आत असतानाच कडेचा तुकडा लगेच तपासतात ते. शंका आली तर उजवीही काढायची."

त्रिशलाने हातातला घास ताटात ठेवला. "काल तर तुम्ही म्हणालात..."

"काल म्हणालो. आज विचार केला."

"कुणासाठी, बाबा?"

प्रश्न त्यांना होता, पण ती माझ्याकडे बघत होती. माझ्याशी ती नेहमी चांगलीच वागली होती. लग्नाला आली होती, मला मावशी म्हणायची, दिवाळीला साडी पाठवायची. त्या क्षणी तिच्या डोळ्यांत जे होतं ते मी पहिल्यांदा पाहिलं. मी उठून आमटी वाढायला लागले. कुणालाच नको होती.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सरांना आत नेताना त्यांनी त्रिशलाच्या डोक्यावर हात ठेवला. मला म्हणाले, "येतो." निंबकर दाराशीच उभे होते. सर त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलले, ते मला ऐकू आलं नाही.

आम्ही दोघी बाहेर बसलो. मधे एक खुर्ची रिकामी होती, तिच्यावर त्रिशलाने तिची पर्स ठेवली. ती सारखी उठून पाणी पीत होती. मी तिला म्हटलं, काहीतरी खाऊन घे. ती म्हणाली, तुम्ही घ्या. समोर एक कुटुंब होतं, त्यांचा माणूस बाहेर आला, ते सगळे उठून गेले. मग दुसरं कुटुंब येऊन बसलं.

दुपार झाली असेल. ऑपरेशन थिएटरचं दार उघडून निंबकर बाहेर आले. हिरवे कपडे, मास्क हनुवटीखाली ओढलेला. ऑपरेशन संपलं असं वाटून आम्ही दोघी उभ्या राहिलो.

"अजून चालू आहे," ते म्हणाले. "काळजीचं काही नाही. डावी बाजू ठरल्याप्रमाणे काढली. उजवी मी सोडवून ठेवली आहे, छान सुटली. पण कडेच्या तुकड्यात थोड्या पेशी अशा आहेत की पॅथॉलॉजीवाले खात्रीने सांगत नाहीयेत. कॅन्सर आहे असंही म्हणत नाहीत, नाही असंही नाही."

"मग काढा," त्रिशला लगेच म्हणाली. "बाबा बोललेच होते, शंका आली तर काढायची."

"ते बोलले होते. पण सकाळी आत जाताना त्यांनी मला आणखी एक सांगितलं." ते माझ्याकडे वळले. "म्हणाले, नक्की असेल तर विचारू नका, काढा. पण अशी अर्धवट शंका असेल तर पद्मजाला विचारा, ती सांगेल तसं करा. तुम्ही निवांत विचार करा म्हणालो असतो, पण वेळ नाही."

"तुम्ही काय केलं असतं?" मी विचारलं.

"ठेवली तर बहुतेक काही होणार नाही. काढली तर ते 'बहुतेक' जातं. दोन्हीपैकी काहीही केलं तरी चूक म्हणणार नाही मी."

त्रिशला बोलायला गेली आणि थांबली. तिने दोन्ही हात तोंडावर धरले. ती त्या वेळी छत्तीस वर्षांची होती, पण मला ती परीक्षा देऊन आलेल्या मुलीसारखी दिसली. मला कुणीतरी ढकलून उभं केल्यासारखं झालं होतं. सकाळी ते "येतो" म्हणाले होते, तो आवाज कानात होता. घरातली आमची खोली डोळ्यांपुढे आली, आणि मग तीच खोली, त्यांच्याशिवाय.

"काढा," मी म्हणाले.

निंबकर मान हलवून आत गेले. दार बंद झालं. त्रिशलाने मला मिठी मारली, माझ्या खांद्यात तोंड खुपसून ती रडायला लागली. "मावशी, मी तुमच्याबद्दल काय काय मनात आणलं," ती म्हणत होती. मी तिची पाठ थोपटत होते. ती तिथे नसती तर मी हेच सांगितलं असतं का, हे मला तेव्हाही ठरवता आलं नाही आणि आजही येत नाही.

सर शुद्धीवर आले. मी त्यांच्या कपाळाला हात लावून म्हटलं, "उजवीही काढावी लागली. शंका होती. मी सांगितलं काढा म्हणून." त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मला वाटलं त्यांना कळलं नसेल. पण कळलं होतं.

आठ-दहा दिवसांनी लघवीची नळी निघाली आणि संपूर्ण रिपोर्ट आला. गाठ पूर्ण निघाली होती. कडा स्वच्छ होत्या. उजवीकडून जे काढलं त्यात काहीच नव्हतं. कॅन्सरचा मागमूस नव्हता. निंबकरांनीच ते स्वतःहून सांगितलं, आडपडदा न ठेवता. "म्हणजे ती राहिली असती तर चाललं असतं. पण हे आज कळतंय." सर म्हणाले, "बरोबर आहे," आणि त्यांचे आभार मानले.

जयसिंगपूरला आलो. निंबकरांनी मागच्या वाटेबद्दल जे सांगितलं होतं ते खरं ठरलं. महिन्याभरात सरांना लघवीचा काहीच त्रास राहिला नाही. ज्यांनी दुसरीकडे दुसऱ्या पद्धतीने करून घेतलं होतं असे त्यांच्या ओळखीचे एकदोघं होते, ते अजून कापड वापरत होते आणि सरांकडे येऊन हेव्याने विचारायचे. सर त्यांना लघवी धरायचा व्यायाम, संबंधांसाठीचा पंप, गोळ्या, सगळं मोकळेपणी समजावून सांगायचे. शिक्षकच ते. रक्ताच्या तपासणीत आकडा नगण्य यायला लागला. आज आठ वर्षं झाली, तो तसाच आहे. त्रिशला तेव्हापासून दर रविवारी आधी मला फोन करते, मग त्यांना.

सगळे म्हणत होते, मगदूम सर एकदम पूर्वीसारखे झाले. फक्त माझ्याशी ते अदबीने वागायला लागले होते. चहा दिला की "थँक यू" म्हणायचे. मी काही उचलायला गेले की "राहू दे, तुला त्रास नको." रात्री पलंगाच्या कडेला, भिंतीकडे तोंड करून झोपायचे, माझी झोपमोड होऊ नये म्हणून. निंबकरांनी दिलेल्या गोळ्यांची पट्टी कपाटात तशीच पडली होती. मी एकदा तिच्याबद्दल बोलले तर म्हणाले, "बघू. घाई काय आहे?" ऑफिसात वीस वर्षं ते माझ्याशी जसे वागले होते, तसे ते वागत होते.

ऑपरेशननंतरचा उन्हाळा लागला. एका दुपारी, जेवणं आटोपल्यावर, मी पंख्याखाली शेंगा सोलत बसले होते. सर आरामखुर्चीत होते. मला वाटलं त्यांचा डोळा लागलाय.

"पद्मजा, तुला एक विचारू? राग मानू नको."

"विचारा."

"त्यांनी बाहेर येऊन विचारलं तेव्हा किती वेळ लागला तुला सांगायला?"

मी शेंग खाली ठेवली. "फार नाही."

"असं मला वाटलंच."

"तुम्हाला राग आलाय. रिपोर्ट आल्यापासून आलाय. मला दिसतंय ते. पण तिथे उभं राहून मला कसं कळणार होतं?"

"राग नाही आला."

"मग काय झालंय? तुम्हीच सांगून ठेवलं होतंत ना, मला विचारा म्हणून? मला वाटलं, तुमचं मन धजत नाही, काढा म्हणवत नाही तुम्हाला, म्हणून माझ्यावर सोपवलंत. मी ते सांगून टाकलं. सोपं होतं का मला?"

सर खुर्चीत सरळ होऊन म्हणाले, "मी तुला विचारायला सांगितलं, कारण मला वाटलं, तू ठेवा म्हणशील."

पंखा फिरत होता आणि टरफलं जमिनीवर थोडी थोडी सरकत होती.

"ठेवायचीच होती तर स्वतः सांगून ठेवायचं होतंत," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. लग्नानंतर पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडत होते. "माझ्या गळ्यात कशाला घातलंत? तुमची पोर समोर उभी, डॉक्टर घड्याळाकडे बघतोय, आणि मी सांगायचं! काही झालं असतं म्हणजे?"

"मी सांगितलं असतं तर ते माझं एकट्याचं झालं असतं," सर म्हणाले. "म्हातारा हट्ट करतोय, एवढंच. तू सांगितलं असतंस तर..." ते जमिनीवरच्या टरफलांकडे बघायला लागले. "बाईला आपण हवे असतो, हे कुणी कधी म्हणून दाखवलेलं नव्हतं मला. बागेत तू म्हणालीस. मला वाटलं, अजून एकदा म्हणशील. चौघांच्यात."

मी त्यांना सांगणार होते की मला ते जिवंत हवे होते, पुन्हा एकटं राहायची मला इतकी भीती वाटली की दुसरं काही दिसलंच नाही. ते खरंही होतं. पण ते त्यांना माहीतच होतं. ते मला हवे होते, आणि म्हणूनच मी जे सांगितलं त्याने त्यांना वाटलं की ते मला नको होते. हे मी कसं उलगडून सांगणार होते? माणूस बरा झाला म्हणून गावभर पेढे वाटून झाले होते.

मी उठले. पदर झटकला, दाणे सुपात ठेवले. पुढचं दार दुपारी आमच्याकडे उघडंच असायचं, येणारंजाणारं कुणीतरी असतंच. मी जाऊन ते लावलं आणि वरची कडी घातली. मग खिडकीचा पडदा ओढला.

"काय करतेस?" सर म्हणाले.

"आत चला."

"पद्मजा, आता त्यातलं काही..."

"माहीत आहे मला. चला."

ते खुर्चीतून उठले नाहीत, तेव्हा मी त्यांच्या समोर गेले आणि हात पुढे केला. त्यांनी आधी हाताकडे बघितलं, मग माझ्या तोंडाकडे. त्यांच्या चेहऱ्यावर भीती होती. मला वाटतं, माझ्याही होती. त्यांनी हात धरला.

आत अंधूक उजेड होता. आम्ही कितीतरी वेळ नुसते एकमेकांना धरून पडून राहिलो. मग त्यांनी माझ्या गालावर तळहात ठेवला, आणि मला कळलं की ते रडतायत.

बाहेर बेल वाजली. शेजारच्या चौगुल्यांच्या वहिनी सरांच्या प्रकृतीची चौकशी करायला आल्या होत्या. त्यांनी दोनदा हाक मारली, "सर, आहात का?" मग थांबून पुन्हा बेल वाजवली.

आम्ही उठलो नाही.